दाव्याचे वेळापत्रक कोणासाठी?

साकूर-घारगावकडून एस.टी.ने संगमनेरच्या दिवाणी न्यायालयात बांधाच्या किंवा वाटपाच्या दाव्यासाठी येणारा शेतकरी कायद्यातला एक शब्द पुरता ओळखून असतो : तारीख. निकाल कधी लागेल हे वकीलसाहेबही सांगू शकत नाहीत. पुढची तारीख तेवढी सांगतात. ती कैफियतीसाठी, साक्षीसाठी की युक्तिवादासाठी, हे पुष्कळदा त्याला न्यायालयात पोचल्यावरच कळते.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मुदती नाहीत असे नव्हे. १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्त्यांनी प्रतिवादीची लेखी कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत यावी असे ठरविले. सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, असेही सांगितले. परंतु सेलम वकील संघाच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीत या मर्यादा ओलांडता येतील, असा अर्थ लावला. आजार-अपघाताचा विचार करता तो गैर म्हणता येणार नाही. व्यवहारात मात्र अपवादालाच नियमाचे स्थान मिळाले.

व्यापारी तंट्यांची गोष्ट निराळी. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याखाली, २०१८ पासून तीन लाख रुपयांपुढील अशा दाव्यांत १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो. प्रतिवादीच्या बचावात खरोखर काही दम नसेल, तर तोंडी पुरावा न नोंदविता संक्षिप्त निवाडा मागता येतो. वादीचा दावाच पोकळ असेल, तर प्रतिवादीलाही तो मार्ग खुला आहे. या अर्जाचे वेळापत्रक कायद्यानेच आखले आहे. सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी, उत्तर देणाऱ्याची जादा कागदपत्रे १५ दिवस आधी, त्यांवर अर्जदाराची प्रत्युत्तरादाखल कागदपत्रे ५ दिवस आधी. सुनावणीच्या दिवशी नवा कागद पुढे करून समोरच्याला गोंधळात टाकण्याची सोय राहत नाही. अमेरिकेतील संघीय न्यायालयांत तर १९८३ पासून बहुतेक दिवाणी दाव्यांत न्यायाधीश आरंभीच वेळापत्रकाचा हुकूम काढतात आणि सबळ कारणाशिवाय तो बदलत नाही.

बांधाच्या दाव्यात असा झटपट निवाडा होणे कठीण, हे मान्य केले पाहिजे. तेथे मोजणी हवी, नकाशा हवा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी हव्यात. न्यायाधीश थोडे आणि दावे फार, ही अडचणही खोटी नाही. पण निवाडा संक्षिप्त होत नाही म्हणून वेळापत्रकही असू नये, हे कोणते तर्कशास्त्र? मालाच्या थकबाकीचा वाद मुदतीत बांधता येतो, तर मोजणी कोणत्या महिन्यात आणि साक्षी कोणत्या महिन्यात, हे पक्षकाराला आधी सांगण्यास हरकत कोणती?

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. रामेश्वरीदेवी विरुद्ध निर्मलादेवी या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगून ठेवले आहे की, दावा दाखल होतानाच कैफियतीपासून निकालापर्यंतच्या सर्व टप्प्यांच्या तारखा ठरवाव्यात आणि शक्य तितक्या कसोशीने पाळाव्यात. तसा एक कागद साकूरच्या शेतकऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी पडला, तर निदान कोणत्या खेपेला साक्षीदार बरोबर आणायचा, हे तरी त्याला घरून निघताना ठाऊक असेल.