अधिकारपदाची पारख

मुंबईहून अहमदाबादेकडे जाताना चारोटी नाका लागतो. तेथून पश्चिमेस डहाणूची वाट धरली की चिकूच्या वाड्या लागतात आणि त्यापलीकडे समुद्र. या टापूच्या रक्षणार्थ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले व निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. १९९८ साली या प्राधिकरणाने वाढवण बंदरास नकार दिला. २०१९ च्या जानेवारीत धर्माधिकारी निवर्तले. आणि २०२३ साली प्राधिकरणाने वाढवण येथील बंदरास परवानगी दिली. यांपैकी कोणता निर्णय योग्य, हा वाद येथे उकरावयाचा नाही. परंतु पद तेच राहिले तरी पदावरील माणसे बदलतात, आणि कोळी व बागायतदार यांचे भवितव्य त्यांच्या विवेकावर अवलंबून राहते, हे खरे. मग त्या माणसांची पारख कोणी करावयाची?

मुलीस स्थळ सांगून आले, तर चार ठिकाणी चौकशी केल्यावाचून आपण होकार देत नाही. राष्ट्राच्या मोठ्या पदांविषयी मात्र बहुधा नेमणूक झाल्यावरच लोकांस नाव कळते!

हा प्रश्न घटना समितीपुढे आला होता. मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीस संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोनतृतीयांश मतांची मान्यता असावी, अशी सूचना शिब्बनलाल सक्सेना यांनी जून १९४९ मध्ये मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील सेनेटच्या संमतीचा दाखला देऊन ही शंका रास्त मानली. मूर्ख, लबाड अथवा सरकारच्या मुठीतील मनुष्य नेमला जाऊ नये अशी तरतूदच नसेल, तर पदाची मुदत सुरक्षित करून काय साधणार, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अखेरीस हे काम संसदेच्या भावी कायद्यावर सोपविण्यात आले. तो कायदा व्हावयास २०२३ साल उजाडले. त्यान्वये पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता व पंतप्रधानांनी नेमलेला एक केंद्रीय मंत्री अशी समिती नाव सुचविते. तीनांतील दोन मते एकाच बाजूची, हे सांगावयास नकोच.

बंद दाराआडच्या निवडीत काय निसटते, हे २०१० साली दिसले होते. मुख्य दक्षता आयुक्तपदी पी. जे. थॉमस यांच्या नेमणुकीस विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी समितीतच विरोध केला. तरी नेमणूक झाली. थॉमस यांच्यावरील प्रलंबित खटल्याचा विचार समितीने केला नाही, म्हणून मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयास ती रद्द करावी लागली.

इंग्लंडात २००८ पासून कित्येक पदांच्या उमेदवारांस नेमणुकीपूर्वी हाउस ऑफ कॉमन्सच्या समित्या उघड बैठकीत प्रश्न विचारतात. समितीस बहुधा नकाराधिकार नसतो. परंतु प्रश्न व उत्तरे साऱ्यांच्या कानी पडतात. अशा बैठकीत पक्षांचे हेवेदावे शिरतील, मानी माणसे पुढे येण्यास कचरतील, हा आक्षेप खोटा नव्हे. तथापि नेमणूक झाल्यावर न्यायालयात धाव घेण्यापेक्षा आधी दोन घटका उघड प्रश्नोत्तरे झालेली काय वाईट? चांगला माणूस लाभणे हे केवळ दैवावर सोडणाऱ्या गृहस्थास आपण शहाणा म्हणत नाही. राष्ट्रासही तोच न्याय लागू आहे.