एडिटर ज्याचा त्याचा, लिपी सगळ्यांची

घणसोलीच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. मुलगा आणि सून दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मुलाच्या लॅपटॉपवर रंगीबेरंगी खिडक्या, सुनेच्या लॅपटॉपवर नुसता काळा पडदा. ती माऊसला हातही लावत नाही. काम सारखंच, पण एडिटर बदलायला दोघांपैकी कोणीच तयार नाही. ‘शेवटी अक्षरंच टाइप करायची, मग एवढा हट्ट कशासाठी?’

हा हट्ट पन्नास वर्षं जुना आहे. प्रत्येक मोठा एडिटर कुणाच्या तरी अडचणीतून जन्मला. तो उचलला की त्या माणसाची अडचण आणि तिच्यावरचा तोडगा दोन्ही आपल्या बोटांत येऊन बसतात.

काळा पडदा बहुधा व्हिमचा असणार. त्याचा पूर्वज व्हीआय. १९७६ च्या सुमारास बर्कली विद्यापीठातला बिल जॉय हा विद्यार्थी त्यावर काम करत होता. घरी त्याच्याकडे एडीएम-३ए हे टर्मिनल आणि ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा अख्खा पडदा नव्याने भरायचा तर मिनिटाहून जास्त वेळ. म्हणून त्याने कळफलकाकडून दुहेरी काम करून घेतलं. एका अवस्थेत कळा अक्षरं उमटवतात, दुसऱ्या अवस्थेत त्याच कळा हुकूम होतात. ‘डी’ दोनदा दाबा, ओळ गेली. आधी ‘५’ दाबून मग दोनदा ‘डी’, पाच ओळी गेल्या. कर्सर हलवायला एच, जे, के आणि एल, कारण त्या टर्मिनलवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. आज जिथे टॅब असते तिथे तेव्हा एस्केपची कळ होती, त्यामुळे ती सारखी दाबायला जड जात नसे. ते टर्मिनल कधीच अडगळीत गेलं, पण ऐरोलीच्या आयटी पार्कमधली मुलगी खालच्या ओळीवर जायला आजही ‘जे’ दाबते.

इथे एक नाव घ्यायलाच हवं, कारण व्हीआयच्या गोष्टीत ते सहसा गाळलं जातं: जॉर्ज कुलूरिस, लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातले. त्या वेळी युनिक्सवर केन थॉम्पसन यांचा ‘ईडी’ होता. तो कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपच्या काळातला. मागितल्याशिवाय एक ओळसुद्धा दाखवायचा नाही. कुलूरिस यांच्याकडे पडद्याची टर्मिनलं होती. ओळ समोर दिसावी आणि जागच्या जागी दुरुस्त करता यावी म्हणून त्यांनी ‘ईडी’त बदल केले आणि सामान्य मर्त्य माणसांसाठीचा म्हणून त्या एडिटरला ‘ईएम’ नाव दिलं. १९७६ च्या उन्हाळ्यात ते बर्कलीला गेले, तिथे बिल जॉयने ‘ईएम’ पाहिला आणि त्यातून व्हीआयचा रस्ता खुला झाला. आपल्याकडच्या इंजिनीअरिंगच्या मुलांना कुलूरिस हे नाव ‘डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’च्या जाडजूड पाठ्यपुस्तकावर दिसतं. आपण रोज वापरतो त्या एडिटरच्या घराण्यातही हेच गृहस्थ आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

३०० बॉडचा जमाना गेला, तरी व्हीआय टिकला कसा? उत्तर ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातल्या डेटा सेंटरांचा मोठा पुंजका उभा राहिला आहे. रॅकमधल्या सर्व्हरला एरवी ना पडदा असतो, ना कळफलक, ना माऊस. दुरुस्ती करणारा नेटवर्कवरून आत शिरतो आणि त्याच्या हाती फक्त अक्षरांची चौकट लागते. रात्री दोन वाजता सेटिंगची एखादी फाइल बिघडली, तर आपल्या आवडीचा एडिटर तिथे बसवायला वेळ नसतो आणि बहुतेकदा परवानगीही नसते. हमखास सापडतो तो व्हीआय. युनिक्सच्या पॉसिक्स मानकातही त्याचा समावेश आहे. यंत्र लांब आणि मध्ये फक्त अक्षरांची वाट, ही बिल जॉयची स्थिती महाप्यात आजही तशीच आहे.

एमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरची जन्मकथा निराळी. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर होता आणि त्यात जो तो आपापल्या सोयीचे हुकूम रचून ठेवी. आवडीनिवडी इतक्या टोकाला गेल्या की एकाला दुसऱ्याच्या जागी बसून काम करता येईना. गाय स्टील यांनी या सगळ्यांची मोट बांधायला घेतली आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९७६ मध्ये ते काम तडीस नेलं. खाली सामायिक पाया, वर ज्याला हवं ते. मला हा विचार एमॅक्सच्या कुठल्याही हुकमापेक्षा मोलाचा वाटतो.

रंगीत खिडक्या मात्र बहुधा व्हीएस कोडच्या. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये आणला. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२४ च्या पाहणीत ७३ टक्क्यांहून अधिक जणांनी आपण तो वापरतो असं सांगितलं. आता त्याच्याच पायावर ‘कर्सर’सारखे एआय एडिटर उभे राहिले आहेत आणि कामाचा वेग कित्येक पट वाढेल असं सर्रास सांगितलं जातं. असे दावे पारखून घ्यावेत. २०२५ मध्ये मेटर या अमेरिकी संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांना २४६ कामं दिली, काही एआयसह, काही एआयविना. एआय हाताशी असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांची स्वतःची समजूत मात्र २० टक्के वेळ वाचल्याची होती! प्रयोग लहान होता आणि साधनं झपाट्याने बदलत आहेत, हे खरं. पण स्वतःच्या वेगाचा आपला अंदाज किती फसवा असतो, ते त्यातून कळतं. व्हिमवाल्यांनी आणि व्हीएस कोडवाल्यांनीही ‘माझाच वेगवान’ म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

कसोटी लावायचीच तर मी एक सुचवतो. आपल्या एडिटरमध्ये ‘क्षमा’ हा शब्द लिहा. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. संगणकाच्या लेखी ती पाच चिन्हं आहेत: क, हलन्त, ष, म आणि काना, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट. आता कर्सर सुरुवातीला नेऊन बाणाची कळ एकदा दाबा. तो ‘क्ष’ ओलांडून जातो, की मध्येच अडखळतो? शेवटी जाऊन बॅकस्पेस दाबा. काना जातो, की अख्खा ‘मा’? वेगवेगळ्या एडिटरांत वेगवेगळी उत्तरं मिळतील. अक्षरं मोजण्याच्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात ‘क्ष’चे दोन तुकडे पडत, २०२३ च्या १५.१ आवृत्तीत तो एकसंध धरला गेला. टर्मिनलमध्ये त्रास आणखी वाढतो. तिथे एडीएम-३एच्या वळणाचे ठरावीक रुंदीचे चौकोन असतात आणि आपली जोडाक्षरं त्यांत अनेकदा तुटतात नाहीतर एकमेकांवर चढतात.

एमॅक्समध्ये देवनागरीची सुरुवातीची घडण केली ती जपानी माणसांनी. त्सुकुबाच्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत केनइची हांदा आणि सहकाऱ्यांनी ‘म्यूल’ हा बहुभाषिक एमॅक्स घडवला. देवनागरी जोडाक्षरं जुळवणाऱ्या त्यातल्या फाइलवर कावाबाता ताइची हे नाव आहे. आपल्याकडेही प्रयत्न झाले. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने या शतकाच्या सुरुवातीला इंडिक्स हा प्रकल्प केला. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, त्याच सी-डॅकचं केंद्र आज खारघर स्टेशनसमोर आहे. लिनक्सच्या तळाशी, एक्स विंडोच्या पातळीवरच भारतीय लिप्या बसवायच्या, म्हणजे वर कुठलाही प्रोग्राम चालवा, लिपी नीटच दिसेल, ही इंडिक्समागची कल्पना. सामायिक पाया भक्कम असला की आवडीला मोकळं रान मिळतं.

त्यामुळे एडिटर ज्याला जो रुचेल तो वापरावा. व्हिम, एमॅक्स आणि व्हीएस कोड या तिघांचाही मूळ कोड खुला आहे. ‘क्षमा’ जिथे अडखळेल तिथे चूक नोंदवता येते आणि अंगात धमक असेल तर दुरुस्तीही पाठवता येते. बिल जॉयने आपली अडचण आपणच सोडवली. देवनागरीची अडचण आपली आहे, आणि ती सोडवू शकतील असे प्रोग्रामर ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत रोज कामाला येतात.