बर्न, रॉजर

(८ सप्टेंबर १९२९–६ फेब्रुवारी १९५८). विख्यात इंग्रज व्यावसायिक फुटबॉलपटू. डाव्या बाजूचा बचावपटू. जन्म मँचेस्टर शहरातील गॉर्टन येथे. मँचेस्टर युनायटेड संघाकडून तो १९५१ मध्ये साखळी सामन्यांत प्रथम खेळला आणि त्याच हंगामात संघाने साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले. पुढे त्याच्या नेतृत्वाखाली संघाने १९५६ व १९५७ असे लागोपाठ दोनदा ते पुन्हा जिंकले. १९५४ पासून तो इंग्लंडकडून सलग ३३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. बचावपटूने प्रतिस्पर्ध्यास अडवावे व चेंडू दूर टोलवावा, एवढीच त्या काळी अपेक्षा असे. बर्न मात्र चेंडूसह प्रतिपक्षाच्या क्षेत्रात मुसंडी मारी व वेगाच्या बळावर वेळीच आपल्या जागी परते. प्रतिस्पर्ध्याच्या पायातील चेंडू हिरावण्यात तो फारसा निपुण नव्हता. ही उणीव तो अचूक स्थाननिवडीने भरून काढी. बेलग्रेड येथील यूरोपीय चषकाचा सामना खेळून परतताना, म्यूनिक विमानतळावर उड्डाणाच्या तिसऱ्या प्रयत्नात, धावपट्टीवरील अर्धवट वितळलेल्या बर्फामुळे विमानास पुरेसा वेग मिळाला नाही व ते धावपट्टीपलीकडे जाऊन आदळले. या अपघातातील २३ मृतांत संघाचे आठ खेळाडू होते. त्यांतील वयाने सर्वांत मोठा असलेला बर्नही अवघा २८ वर्षांचा होता.