जनावरं मोजली, कातडी मोजायची राहिली

इंग्लंडमधल्या यॉव्हिल गावच्या पिटार्ड्स कंपनीने २००५ साली इथिओपिया टॅनरीचा कारभार हाती घेतला आणि २००९ मध्ये ती टॅनरी विकतच घेतली. हा कारखाना अदिस अबाबाच्या आग्नेयेला, कोका तलावाजवळच्या एजेर्सा इथे आहे. पिटार्ड्सची स्थापना १८२६ सालची. तिची ख्याती हातमोज्यांच्या चामड्याची, आणि त्यासाठी लागणारी मेंढीची कातडी ती कितीतरी दशकं इथिओपियातूनच नेत होती. तिथल्या उंच पठारावरच्या मेंढीला लोकर जवळजवळ नसते, आखूड केस असतात. त्यामुळे कातड्याची वीण घट्ट राहते. ते कागदासारखं पातळ केलं तरी ताणाला टिकतं. गोल्फच्या चांगल्या हातमोज्यांना असंच चामडं लागतं, व्यापारात त्याला कॅब्रेटा म्हणतात. देशात पैसा घालण्यापूर्वी पिटार्ड्सच्या कारागिरांना तिथल्या कातड्याची प्रत हात लावून कळत होती.

त्यानंतरच्या वीस वर्षांत चामड्याचा धंदा काढायला जे इथिओपियात गेले, त्यांच्यातल्या बहुतेकांनी सुरुवात दुसऱ्याच टोकाकडून केली. त्यांच्या हातात तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही खऱ्या होत्या. आफ्रिकेतलं सर्वांत मोठं पशुधन या देशात आहे. खासगी कारखान्यांसाठी किमान वेतनाचा कायदा नाही, मजुरी चीनच्या मानाने फारच कमी. आणि माल अमेरिकेत आगोआ कायद्याखाली, युरोपात ‘शस्त्रं सोडून सर्व काही’ या सवलतीखाली, जकातीशिवाय जायचा. कोणत्याही गुंतवणूक परिषदेत या तीन वाक्यांवर सभागृह भारावून जात असे. या वीस वर्षांकडे मागे वळून पाहताना माझं मत असं झालं आहे, की यश-अपयशाचा निकाल या तीन गोष्टींनी लावलाच नाही. तो जनावराच्या पाठीपासून टॅनरीच्या दारापर्यंतच्या प्रवासात आणि बँकेच्या डॉलर खिडकीवर लागला.

सर्वांत गाजलेलं उदाहरण हुआजियानचं. चीनच्या डोंगुआनमधली ही बुटांची कंपनी. तेव्हा जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ असलेले जस्टिन यिफू लिन यांनी इथिओपियाचे पंतप्रधान मेलेस झेनावींना सल्ला दिला होता, की किनारी चीनमध्ये मजुरी चढते आहे, तिथले बूट-कारखाने स्वतः जाऊन बोलवा. ऑगस्ट २०११ मध्ये मेलेस शेनझेनला होते, तिथे हुआजियानला आमंत्रण गेलं. कंपनीचे प्रमुख झांग हुआरोंग काही आठवड्यांत अदिसला आले, ऐंशीहून अधिक इथिओपियन तरुणांना शिकायला चीनला धाडलं आणि जानेवारी २०१२ मध्ये दुकेमच्या ईस्टर्न इंडस्ट्री झोनमधून बूट बाहेर पडू लागले. ही गती थक्क करणारी होती आणि तिचं मोल कमी लेखू नये. ‘आफ्रिकेत बनलेला बूट अमेरिकेच्या दुकानात वेळेवर पोहोचत नाही’ हा समज तिने मोडला, हजारो लोकांना काम दिलं. पण त्या बुटात चामडं सोडलं तर बहुतेक सगळं चीनहून यायचं. तळवा, डिंक, बक्कल, अस्तर, दोरासुद्धा. सगळं जिबूती बंदरात उतरवून डोंगर चढून आणायचं आणि बूट झाला की पुन्हा त्याच वाटेने खाली न्यायचा. इथिओपियाला स्वतःचा किनारा नाही. अदिस ते जिबूती ही सुमारे ७५० किलोमीटरची विजेवरची रेल्वे २०१६ मध्ये उद्घाटित झाली आणि तिच्यावर नियमित वाहतूक २०१८ मध्ये सुरू झाली. तोवर सगळी भिस्त ट्रकवर.

आता त्या एका गोष्टीकडे, जी देशातच मिळत होती.

इथिओपियाने २००८ मध्ये कच्च्या आणि अर्धवट कमावलेल्या कातड्यांच्या निर्यातीवर १५० टक्के कर लावला आणि २०११ च्या अखेरीस क्रस्ट, म्हणजे कमावून वाळवलेलं पण फिनिशिंग न झालेलं चामडंही त्यात घेतलं. म्हणजे पक्कं चामडं किंवा तयार वस्तू, एवढंच बाहेर पाठवणं परवडावं. या धोरणाचा पूर्वज भारतातला आहे. १९७२ च्या सीतारामय्या समितीच्या शिफारशींवरून आपण कच्च्या कातड्यांची निर्यात थांबवली, अर्धवट कमावलेल्यांवर कोटा लावला, आणि पुढच्या दोन दशकांत भारत बूट आणि पिशव्या निर्यात करणारा देश झाला. पुढे इथिओपियाच्या चर्मोद्योग संस्थेला चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेशी आणि आपल्या फुटवेअर डिझाइन संस्थेशी जोडून दिलं गेलं, तेव्हा हाच अनुभव तिथे जावा ही अपेक्षा होती. पण भारतात बंदी आली तेव्हा अंबूर, वाणियंबाडी, राणीपेट इथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या टॅनऱ्या होत्या, मद्रासचे जुने निर्यातदार होते, रसायनं देशात बनत होती. बंदीची भिंत उभी राहिली ती तयार वस्तीभोवती. इथिओपियात भिंत आधी आली. टॅनऱ्यांना फिनिशिंगची यंत्रं घ्यावी लागली, वेट ब्लू, म्हणजे क्रोमने कमावलेलं ओलं कातडं, घेणारी जुनी इटालियन गिऱ्हाइकं तुटली, नवी मिळायला वर्षं गेली. धोरणाची दिशा मला आजही बरोबर वाटते, कारण कातडं देऊन पाकीट विकत आणणारा देश गरीबच राहतो. चूक वेळेच्या हिशोबात झाली.

आणि कातडं? इथे तपशिलात शिरायलाच हवं, कारण बाहेरून आलेल्यांनी नेमका हाच भाग शेवटी पाहिला. पठारावरच्या मेंढ्या-बकऱ्यांना गोचिडीसारख्या केड नावाच्या परजीवी माशीचा आणि उवांचा त्रास असतो. त्याने कातड्यावर बारीक गाठी उठतात, तिथले लोक त्याला एकेक म्हणतात. हा दोष जिवंत जनावरावर दिसत नाही, केस असलेल्या कच्च्या कातड्यावरही दिसत नाही. चुन्यातून केस उतरवल्यावर, पिकल म्हणजे मीठ-आम्लात मुरवून झाल्यावर तो उघडा पडतो. तोवर टॅनरीने पैसे मोजलेले असतात. औषधाच्या फवारणीने, डिपिंगने हा रोग आटोक्यात येतो हे सिद्ध झालेलं आहे, पण फवारणी करायची शेतकऱ्याने आणि फायदा व्हायचा टॅनरीला. शेतकऱ्याला मांसाचा भाव मिळतो, कातड्याचा फारसा नाही, मग औषधाचा खर्च तो का करील? जनावर घराच्या अंगणात कापलं जातं, सुरी घरची, तिचे काप कातड्यावर उतरतात. मीठ काही तासांत लागायला हवं ते दुसऱ्या दिवशी लागतं, कधी लागतच नाही. गावचा गोळा करणारा, तालुक्याचा व्यापारी, मग टॅनरी, अशा हातांतून माल येतो आणि एकाही टप्प्यावर प्रतीनुसार भाव मिळत नाही. त्यामुळे वरच्या प्रतींत बसणारी कातडी वर्षागणिक कमी होत गेली. पशुधनाचा आकडा मात्र प्रत्येक माहितीपत्रकात तोच राहिला.

त्यात पंचांग. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले जवळजवळ अर्धे दिवस उपास पाळतात. बुधवार, शुक्रवार, आणि फासिका म्हणजे ईस्टरच्या आधीचे ५५ दिवस. त्या काळात मांस नाही, म्हणून कत्तल कमी, म्हणून कातडी कमी. उपास सुटतो त्या आठवड्यात साऱ्या देशातून कातड्यांचा पूर येतो आणि मीठ, गोदाम, मजूर काहीच त्याला पुरत नाही. वर्षभर एकसारख्या पिशव्या शिवणाऱ्या कारखान्याला असा कच्चा माल झेपायचा तर भांडवल खूप लागतं. देशाचं आर्थिक वर्षही ८ जुलैला सुरू होतं आणि सरकारी कागदांवर साल इथिओपियन असतं, आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागचं. निर्यातीचे आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात न ठेवणाऱ्यांनी वेगवेगळ्या वर्षांची तुलना एकमेकांशी केल्याची उदाहरणं आहेत.

२०१० ते २०१५ च्या पंचवार्षिक आराखड्यात सरकारने चामडं आणि चामड्याच्या वस्तूंच्या निर्यातीचं लक्ष्य ५० कोटी डॉलरचं ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती त्याच्या एक तृतीयांशापर्यंतही पोहोचली नाही. मंत्री आणि सल्लागार राहिलेल्या आर्केबे ओकुबे यांनी २०१५ च्या ‘मेड इन आफ्रिका’ या पुस्तकात सिमेंट, फुलशेती आणि चामडं यांची तुलना केली आहे. त्यात चामडं मागे पडलेलं दिसतं. फुलांच्या शेतात मुळापासून खोक्यापर्यंत सगळं एकाच मालकाच्या कुंपणात असतं. कातड्याचं तसं नाही, ते लाखो अंगणांतून येतं.

मजुरीचंही पुन्हा तपासायला हवं. अर्थतज्ज्ञ क्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डर्कन यांनी पाच इथिओपियन कारखान्यांत, त्यात एक बुटांचा होता, चिठ्ठ्या टाकून नोकऱ्या दिल्या आणि त्या लोकांचा माग ठेवला. तिसरा हिस्सा पहिल्याच महिन्यात सोडून गेला, वर्षभरात ७७ टक्के गेले. हवासाच्या औद्योगिक वसाहतीत तयार कपड्यांच्या कारखान्यांचं मूळ वेतन महिन्याला २६ डॉलर असल्याचं न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०१९ च्या अहवालाने दाखवलं. त्या वेतनात खोलीचं भाडंही निघत नाही, मग मुलगी गावी परत जाते आणि नव्या मुलीला सुईपासून शिकवावं लागतं. स्वस्त मजुरी ही शिकाऊ हातांनी बिघडवलेल्या चामड्यात महाग पडते. कापड फाटलं तर मीटर बदलता येतो, मेंढीचं कातडं एकदा चुकीचं कापलं की गेलं. हवासा वसाहतीत ठाण्याशी जुनं नातं असलेल्या रेमंडची सिल्व्हर स्पार्क ही कंपनीही कोट शिवायला गेली होती, तेव्हा मराठी उद्योजकांना हा देश अगदीच अपरिचित नव्हता. 

मग राजकारण. ऑक्टोबर २०१६ मध्ये ओरोमियातल्या असंतोषात परदेशी कारखान्यांवर हल्ले झाले आणि आणीबाणी लागली. कारखान्यांसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा राग त्यामागे होता. सारी जमीन सरकारची, भाडेपट्ट्यावर मिळते, त्यामुळे गुंतवणूकदाराच्या कागदावर आधीच्या कसणाऱ्याचं नाव कुठेच दिसत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्राईचं युद्ध सुरू झालं. वुक्रोच्या शेबा टॅनरीसारख्या मोठ्या कारखान्याची त्यात फार हानी झाली. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने इथिओपियाची आगोआ सवलत काढून घेतली आणि ज्या तिसऱ्या गोष्टीवर इतक्या जणांनी हिशोब मांडले होते तिचा अमेरिकेतला भाग एका सहीने संपला. प्रिटोरियाचा शांतता करार नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला, सवलत मात्र त्याबरोबर परत आली नाही. पुढच्या वर्षी पिटार्ड्स ब्रिटनमध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. तिच्या अडचणी ब्रिटनमध्येही होत्या, त्यामुळे त्याचा सगळा भार इथिओपियावर टाकणं अन्यायाचं होईल. पण जिला कातडं सर्वांत चांगलं कळत होतं तीही तरली नाही, ही गोष्ट लागून राहते.

डॉलरच्या टंचाईने टॅनऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान केलं असं मला वाटतं. क्रोम, आम्लं, रंग, तेलं सगळी बाहेरून येतात. त्यासाठी बँकेत परकीय चलनाच्या रांगेत महिनेच्या महिने थांबावं लागे. २०२२ च्या नियमाने निर्यातदाराला स्वतः कमावलेल्या डॉलरपैकी फक्त पाचवा हिस्सा जवळ ठेवता येत होता. रसायन नाही म्हणून ड्रम थांबलेले, आणि बाहेर सणाच्या आठवड्यात कातडी कवडीमोल, कित्येक ठिकाणी तर फेकून दिलेली. त्याच काळात जगभर कृत्रिम चामड्याने बुटांची आणि पिशव्यांची बाजारपेठ खाल्ली होती.

जुलै २०२४ च्या अखेरीस इथिओपियाने बिर मोकळा सोडला. डॉलरला ५७-५८ बिर होता तो काही आठवड्यांत शंभराच्या पुढे गेला. निर्यातदाराला आता निम्मे डॉलर राखता येऊ लागले. त्याच वर्षी कातड्यांच्या निर्यात व्यापारात परदेशी लोकांना प्रवेश मिळाला. इकडे फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात भारताने वेट ब्लूवरचं आयात शुल्क काढून टाकलं. महाराष्ट्रात २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि धारावीच्या पाकीट-पट्टे करणाऱ्यांपासून कोल्हापूरच्या चपलाकारांपर्यंत साऱ्यांना कच्च्या मालाची ओढाताण सोसावी लागली. त्यांच्यापैकी कोणी आज मोजोकडे पाहत असेल तर ते समजण्यासारखं आहे. मोजो हे अदिसपासून ७० किलोमीटरवरचं टॅनऱ्यांचं गाव. तिथल्या नदीत क्रोमचं पाणी जातं आणि युरोपातलं गिऱ्हाईक त्याबद्दल आता पहिल्याच भेटीत विचारतं, हेही त्याने पाहून घ्यावं.

त्याने फासिकानंतरच्या आठवड्यात जावं. गोळा करणाऱ्याच्या शेडमधून, निवड न करता, शंभर मेंढीची कातडी विकत घ्यावीत, मोजोतल्या एखाद्या टॅनरीत आपल्या खर्चाने वेट ब्लूपर्यंत नेऊन घ्यावीत आणि प्रतवारी लावताना स्वतः उभं राहावं. पहिल्या तीन प्रतींत किती बसली त्यावर तिथे कापलेल्या पाकिटाची किंमत ठरेल. कातडी ड्रममध्ये असतील तोवर बँकेत जाऊन बक्कल आणि चेन मागवायला किती डॉलर, किती दिवसांत मिळतील हे लेखी विचारावं. तिथल्या चर्मकारांना आणि शिवणाऱ्या मुलींना टिकणारं काम हवं आहे. त्यांच्यातल्या एखादीला घरभाडं काय पडतं तेही त्याच आठवड्यात विचारून घ्यावं, म्हणजे मजुरीचा आकडा तिथूनच मांडता येईल.