घरबसल्या टायर-खरेदी व चाकाचा तोल

आमच्या एरंडोलास परंपरा एकचक्रानगरी म्हणते. लाक्षागृहांतून सुटलेले पांडव येथें ब्राह्मणवेषानें राहिले आणि भीमानें अन्नाचा गाडा घेऊन जाऊन बकासुराचा समाचार घेतला, असें येथील आबालवृद्ध सांगतात व पाहुण्यास पांडववाडा दाखवितात. भीमाच्या त्या गाड्याचीं चाकें कशीं होतीं, याची चौकशी कथेंत कोणी केलेली नाहीं. आतां मात्र सुरतेहून धुळें-जळगांवमार्गें नागपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गांवावरून जातो. त्याचा क्रमांक पूर्वीं ६ होता, हल्लीं ५३ आहे. अशा रस्त्यावर ज्याच्या दारीं मोटार आहे, त्या गृहस्थास चाकाची चौकशी केल्यावांचून गत्यंतर नाहीं. तीच चौकशी आम्हांस सन २०२५ च्या फाल्गुनांत करावी लागली. तींतून जें शिकलों, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें येथें लिहीत आहों.

आमच्या घरची गाडी सहा वर्षांची. आमच्या वडील भगिनीस, ताईस, दर पंधरवड्यास जळगांवीं डॉक्टरांकडे न्यावें लागतें. अंतर तीसेक किलोमीटर. माघ महिन्यांत असें दिसून आलें कीं, गाडी ताशीं सत्तरच्या पुढें गेली म्हणजे स्टिअरिंग हातांत थरथरूं लागतें. चारही टायर झिजले होते, आणि त्यांच्या बाजूंस बारीक भेगा पडल्या होत्या. खान्देशचें ऊन वाचकांस ठाऊक आहेच. वैशाखांत जळगांवचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि ऊन हें रबराचें मोठेंच शत्रु आहे. आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. त्यांनीं तेथूनच मोबाइलवर पाहून कळविलें, "बाबा, ऑनलाइन घेतले तर एका टायरमागें चारशें रुपये कमी पडतात, आणि माल घरपोंच येतो." चारशें चोक सोळाशें. निवृत्त शिक्षकाच्या संसारांत हा आंकडा लहान नव्हे. आम्हीं होकार दिला.

पांचव्या दिवशीं चार टायर ओसरीवर येऊन पडले. ते बसवून घेण्यासाठीं आम्ही हमरस्त्यावरील एका दुकानीं गेलों. दुकानदार आमचाच जुना विद्यार्थी. आजवर त्यानें आमचीं किती पंक्चरें काढलीं, किती वेळां फुकट हवा भरून दिली, याची गणती नाहीं. आणि त्याच्याच दारांत आम्ही परक्याकडून घेतलेला माल उतरवीत होतों. टायर तोही विकतो. आम्हांस संकोच वाटला, हें येथें कबूल करतों. तो मात्र कांहीं बोलला नाहीं. त्यानें एकेक टायर फिरवून बाजूवरचीं अक्षरें पाहिलीं, दोन टायर वेगळे ठेविले आणि म्हणाला, "गुरुजी, हाऊ टायर जुना शे. आणि हा दुसराही." आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. टायर तर नवे कोरे, काळेभोर! चौतीस वर्षें आम्हीं मुलांस वाचावयास शिकविलें, परंतु टायर वाचावयास त्या दिवशीं त्यानें आम्हांस शिकविलें.

टायरच्या बाजूस एक ओळ असते. आमच्या गाडीच्या टायरवर ती १६५/८० आर १४ ८५ टी अशी आहे. पहिला आंकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा किती, हें सांगतो. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत. पुढचा ८५ हा भाराचा सांकेतिक अंक. त्याचा अर्थ एका टायरनें ५१५ किलोपर्यंत भार वाहावा. 'टी' म्हणजे ताशीं १९० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. गाडीच्या पुस्तिकेंत जो भाराचा अंक दिला असेल, त्याहून कमी अंकाचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. आयएसआयचें चिन्हही पाहून घ्यावें.

परंतु मोबाइलच्या पडद्यावर बहुधा न दिसणारी गोष्ट म्हणजे टायरचें वय. तें बाजूवरच्या एका लांबट वर्तुळांत चार अंकांनीं लिहिलेलें असतें. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या दोन टायरांवर ४७२४ असें होतें, म्हणजे २०२४ सालचा सत्तेचाळिसावा आठवडा, जन्म नोव्हेंबरांतला. दुसऱ्या दोहोंवर होतें १९२२. म्हणजे ते २०२२ च्या मे महिन्यांतले, जवळजवळ तीन वर्षें कोठल्या तरी गुदामांत पडून राहिलेले. टायर नुसता पडून राहिला तरी त्याचें रबर हळूहळू कडक होत जातें. नव्याची किंमत देऊन आम्हीं त्याच्या आयुष्याचीं तीन वर्षें गमावलीं होतीं, आणि तेंही कशासाठीं, तर ताईस ज्या गाडींतून न्यावयाचें त्या गाडीसाठीं.

आम्हीं विक्रेत्यास कळविलें. पहिलें उत्तर आलें कीं, टायर रिमवर चढविला असल्यास परत घेतला जात नाहीं. येथें आमच्या विद्यार्थ्याचा उपकार कळला. त्यानें न वाचतां टायर चढविले असते, तर आमचें तोंड तेथेंच बंद झालें असतें. दुसरें उत्तर टाळाटाळीचें आलें. तेव्हां आम्हीं कायद्याचा आधार घेतला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालीं झाला व जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याच वर्षीं ऑनलाइन विक्रीचे नियमही झाले. त्या नियमांप्रमाणें अशा विक्रेत्यानें तक्रार-अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोंच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते, आणि एक महिन्याच्या आंत तिचा निकाल लावावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्यानें न भागल्यास ग्राहकास आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते; विक्रेता दिल्लीचा असला तरी एरंडोलकरानें दिल्लीस जावयाचें कारण नाहीं. हें सर्व आम्हीं स्वच्छ भाषेंत, टायरांच्या छायाचित्रांसह लिहून पाठविलें. अठराव्या दिवशीं दोन नवे टायर आले. मधल्या काळांत ताईस आम्हीं एस. टी. नें नेलें, थरथरत्या गाडींतून नेण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

मग टायर चढविण्याचें काम. वैदिक वाङ्मयांत चाकाच्या नाभीचा, अरांचा व नेमीचा उल्लेख वारंवार येतो. परंतु हवेवर धांवणारें चाक हें अलीकडचें अपत्य आहे. बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेची धांव करून पाहिली व १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. हल्लींच्या ट्यूबलेस टायरांत आंतली ट्यूब नसते. टायरची कड रिमच्या कांठास घट्ट बसते, आणि तेवढ्यानेंच हवा कोंडून राहते. म्हणून ती कड चढवितांना दुखावतां कामा नये. रिमचा कांठ घासून स्वच्छ करावा, कडेस साबणाचें पाणी किंवा त्याचा लेप लावावा, आणि टायर नवा तर हवा भरावयाचा व्हॉल्व्हही नवा घालावा. बाजूवर बाण असल्यास चाक त्याच दिशेनें फिरलें पाहिजे. पुष्कळ टायरांवर पिवळा ठिपका असतो; ती टायरच्या हलक्या बाजूची खूण. व्हॉल्व्हपाशीं चाक किंचित् जड असतें, म्हणून तो ठिपका व्हॉल्व्हशेजारीं आणतात. आमच्या विद्यार्थ्यानें हें सर्व आमच्यादेखत केलें.

व्हील बॅलन्सिंगचें यंत्र त्याच्याकडे नव्हतें. त्यासाठीं सावकाश गाडी चालवीत जळगांवीं गेलों. एवढी दगदग कशास, असें वाचक म्हणतील. म्हणून थोडें गणित मांडतों. आमच्या गाडीचें चाक ताशीं ८० किलोमीटर वेगास सेकंदास सुमारें अकरा फेरे घेतें. रिमच्या एका बाजूस अवघे २० ग्रॅम अधिक असले, तर त्या वेगांत तें चाक जवळजवळ पावणेदोन ते दोन किलो वजनाइतक्या जोरानें बाहेर ओढलें जातें, आणि ही ओढ सेकंदास अकरा वेळां दिशा बदलते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. स्टिअरिंग थरथरतें तें यामुळें; बेअरिंगें व टायर लवकर झिजतात तेही यामुळेंच. यंत्रावर चाक फिरवितात, आणि आंतल्या व बाहेरच्या कांठांस कोठें किती ग्रॅम लावावे, तें पडद्यावर उमटतें. तेवढें वजन लावून चाक पुन्हां फिरवितात, आणि दोन्हीकडे शून्य येईपर्यंत सोडीत नाहींत. आमच्या एका पुढच्या चाकांत ३५ ग्रॅमांचा फरक निघाला. अलाइनमेंट हें काम निराळें. त्यांत चाकाचा तोल पाहत नाहींत, चाकें सरळ रेषेंत आहेत कीं नाहींत, तें पाहतात. एकाचे पैसे देऊन दोन्ही झालीं, असा समज करून घेऊं नये.

शेवटच्या दोन गोष्टी घरच्याच. चाकाचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीनें आवळावे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हां तपासावे. हवा सकाळीं, टायर थंड असतां, पुस्तिकेंत लिहिल्याइतकी भरावी. उन्हाळ्यांत टायर फुटूं नये म्हणून हवा कमी ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. ती घातक आहे. हवा कमी असली म्हणजे टायरची भिंत सारखी दबते, आंतून तापते, आणि त्यामुळेंच तो फुटतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचकांनीं वाचल्या आहेतच.

आतां जमाखर्च. गांवांत टायर घेतले असते, तर चढविण्याची मजुरी व व्हॉल्व्ह किंमतींतच आले असते. आम्हांस त्यांचे सहाशें रुपये निराळे पडले. बॅलन्सिंगसाठीं जळगांव कसेंही गांठावेंच लागलें असतें. म्हणजे सोळाशांतून सहाशें वजा जातां हजार रुपये वांचले. हे हजार रुपये खोटे नव्हेत, आणि ऑनलाइन खरेदीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ते वांचविण्यासाठीं अठरा दिवस गेले, आणि गांवांत टायर वाचणारा कोणी नसता, तर ते तीन वर्षांच्या जुन्या मालाच्या रूपानें परत गेलेच असते.

तेव्हां आमची सूचना एवढीच कीं, मागणी करण्यापूर्वीं उत्पादनाचा आठवडा लेखी विचारावा. टायर कोण चढविणार व काय घेणार, हें आधीं ठरवावें. माल येतांच, रिमवर चढण्यापूर्वीं, चारही टायरांवरचे अंक वाचावे व छायाचित्रें ठेवावीं. पक्कें बिल घ्यावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि तो ऑनलाइन काय व दुकानांत काय, सारखाच आहे. बिलावांचून कोणी स्वस्त देऊं लागला, तर तो स्वस्तपणा संशयास्पद समजावा. आणि ऑनलाइन भाव पाहिल्यावर तो एकदां गांवच्या दुकानदारास सांगून पाहावा. पुढें स्टेपनीचा टायर घ्यावयाचा होता, तेव्हां आम्हीं तसें केलें. आमच्या विद्यार्थ्यानें दीडशें रुपये उतरविले. उरलेला फरक आम्हीं आनंदानें दिला, कारण टायर वाचण्याची विद्या आम्हीं त्याच्याकडून फुकट घेतली होती.

चैत्रांत ताईस घेऊन जळगांवीं गेलों. गाडी ऐंशीवर होती. थरथर नाहींशी झाली, हें तिला सांगावें म्हणून मागें वळून पाहिलें, तों ताई स्वस्थ झोंपलेली. तिला आम्हीं जागें केलें नाहीं.