बंद पडलेली उपाहारगृहे आणि ग्राहकांची स्मृती : अकोटच्या निमित्ताने काही विचार

उपाहारगृह चालू असते तोवर त्याच्याविषयी काही लिहून ठेवावे असे सहसा कोणास वाटत नाही. ते बंद झाले म्हणजे मात्र आठवणी निघू लागतात. वृत्तपत्रांत लेख येतात, जुनी गिऱ्हाइके एकमेकांस भेटली म्हणजे तेथील चहाची, भज्यांची आणि गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाच्या स्वभावाची चर्चा होते, आणि ‘तशी चव पुन्हा मिळाली नाही’ या उद्गाराने ती बहुधा संपते. या आठवणी व ही मते सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य धरावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विचारासाठी अकोट हे गाव घेतले आहे. अकोल्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हे तालुक्याचे व कापसाच्या बाजाराचे ठिकाण होय. तथापि बंद पडलेल्या उपाहारगृहांविषयीचे छापील लेखन मुख्यतः मुंबईचे आहे. म्हणून प्रथम मुंबईची उदाहरणे पाहणे सोयीचे होईल.

१. मुंबईची तीन उदाहरणे

धोबीतलावावरील ‘बस्तानी’ हे इराणी उपाहारगृह २००४ साली बंद झाले. संगमरवरी तक्त्यांची मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि भिंतीवरील सूचनांची लांबलचक पाटी ही त्याची ओळख होती. निसीम इझिकेल यांनी इराणी उपाहारगृहातील सूचनांवर जी इंग्रजी कविता रचली, ती याच पाटीवरून सुचली असे सांगितले जाते. गिरगावात खोताच्या वाडीतील ‘अनंताश्रम’ माशांच्या जेवणासाठी प्रसिद्ध होता. तोही या शतकात बंद झाला. जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ १९६४ साली सुरू झाले आणि कलादालनाने जागा परत घेतल्यामुळे ३१ मार्च २०१५ रोजी बंद पडले.

या तीन ठिकाणांचे ग्राहक निराळे, पदार्थ निराळे आणि शिस्तही निराळी. ‘समोवार’च्या आठवणींत एका चहावर तासन्‌तास चाललेल्या गप्पा येतात, तर ‘अनंताश्रमा’च्या आठवणींत मुकाट्याने जेवून लगेच पान सोडण्याची रीत येते. असे असूनही या आठवणींची ठेवण एकच आहे. पदार्थाविषयी चार-दोन विशेषणांपलीकडे फारसे सांगितले जात नाही. तपशील येतो तो बसण्याचा : कोणत्या मेजाशी, कोणाबरोबर, किती वेळ आणि किती पैशांत. सांगणारा चवीचे नाव घेतो, पण वर्णन करतो ते त्या जागेत आपणास असलेल्या स्थानाचे. बंद उपाहारगृहाची आठवण ही प्रथमतः तेथे बसण्याच्या हक्काची आठवण असते. या विधानावरच पुढील विवेचन आधारलेले आहे.

२. स्तुतीची चिकित्सा

स्मृती म्हणजे जसाच्या तसा जपलेला ठसा नव्हे. आठवताना मनुष्य गतगोष्टीची नव्याने जुळणी करतो, हे एफ. सी. बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्मृतिविषयक ग्रंथात प्रयोगांनी दाखविले. त्याच्या अगोदर, १९२५ साली, मॉरिस हाल्ब्वाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने व्यक्तीची स्मृती समूहाच्या आधाराने टिकते असा सिद्धान्त मांडला होता. उपाहारगृहाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी प्रत्ययास येतात. चहा गार असल्याची किंवा पोऱ्या उशिरा आल्याची जी कुरकुर रोज होत असे, ती दार बंद होताच विसरली जाते. आणि एकाच मेजाशी बसणारी मंडळी जो प्रसंग वारंवार सांगतात, तो त्या वेळी हजर नसलेल्यासही आपलाच वाटू लागतो. म्हणून दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली तर दहा पुरावे मिळाले असे धरता येत नाही. ते दहा जण एकाच कोंडाळ्यातील असण्याचा संभव अधिक.

ग्राहकाने सांगितलेली कारणेही अशीच तपासून घ्यावी लागतात. इराणी मालक एका चहावर गिऱ्हाइकास बसू देई, याचे श्रेय आठवणीत त्याच्या औदार्याला दिले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्यामागे भाड्याचे गणित होते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी जवळजवळ गोठली. जागेचा खर्च इतका अल्प असल्यावर खुर्ची अडून राहिली तरी मालकाचे मोठे नुकसान होत नसे. पुढे जागांच्या किमती वाढल्या, तेव्हा तीच जागा चहा विकण्यापेक्षा सोडून देण्यात अधिक लाभ दिसू लागला. शिवाय पुढच्या पिढीस पहाटेपासून गल्ल्यावर बसण्याची हौस उरली नाही. ज्या व्यवस्थेने निवांतपणा दिला, तिनेच कालांतराने दुकान बंद करण्याचा मोहही दिला. ग्राहक मात्र बहुधा ‘लोकांच्या आवडी बदलल्या’ एवढेच कारण सांगतो. त्याने पाहिले ते मेजावरून. हिशेबाची वही त्याच्यासमोर कधी आली नव्हती.

याहून मोठी त्रुटी निवडीची आहे. ‘समोवार’ बंद झाले तेव्हा लिहिणारे पुष्कळ होते, कारण तेथे बसणारेच लेखक, पत्रकार व चित्रकार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर गिरणगावातील ज्या खानावळी बसल्या, त्यांच्या वाट्याला असे लेख आले नाहीत. त्या खानावळी बहुशः स्त्रिया घरातच चालवीत आणि गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांच्या पोटाची सोय महिन्याच्या हिशेबाने करीत. त्यांचे बंद होणे एखाद्या उपाहारगृहाच्या बंद होण्यापेक्षा लहान घटना नव्हती. फक्त त्यांच्या ग्राहकांच्या हाती लेखणी नव्हती.

३. अकोटचा बाजार आणि त्याचे जेवणारे

आता अकोटकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये अकोटची नोंद कापसाची मोठी पेठ व सतरंज्यांचे गाव अशी आहे. वऱ्हाडात बाजाराचे नियमन फार लवकर झाले. १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा हा त्या विषयावरील देशातील पहिला कायदा समजला जातो. त्यामुळे वजने, अडत, दलाली यांसंबंधी कागदपत्रे निर्माण झाली. परंतु गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याने दुपारी काय खाल्ले व कोठे बसून खाल्ले, हा प्रश्न त्या कागदपत्रांच्या कक्षेत येत नव्हता. तो सोडविण्यास आठवणींचाच आधार घ्यावा लागतो.

येथे मुंबईहून एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. बाजारच्या गावातील उपाहारगृहाचा ग्राहक पुष्कळदा त्या गावचा नसतोच. वऱ्हाडात ‘हॉटेल’ म्हणजे चहा, भजी, आलूबोंडा व चिवडा मिळण्याची जागा. जेवणासाठी खानावळ किंवा मारवाडी बासा. गावात घर असणाऱ्यास यांपैकी कशाचीच निकड नसते. कापूस विकण्यास, तहसिलीत, कोर्टात वा दवाखान्यात आलेला खेडूत हा त्यांचा खरा आधार. यासाठी अकोटच्या बंद उपाहारगृहांच्या आठवणी केवळ अकोटात शोधून भागणार नाही; त्या भोवतालच्या खेड्यांत आणि सातपुड्यातील कोरकू वस्त्यांतही शोधाव्या लागतील.

ग्राहक बाहेरचा असल्यामुळे त्याच्या येण्याच्या वाटा बदलल्या की धंदाही बदलतो. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि शेतकऱ्याचे पाऊल व्यापाऱ्याच्या दुकानाऐवजी खरेदी केंद्राकडे वळले. गाड्यांच्या रांगा लागत, मुक्काम पडत. त्या रांगेच्या कडेला चहा विकणाऱ्यास ते दिवस सुगीचे होते. अकोटवरून जाणारा अकोला–खंडवा मीटरगेज लोहमार्ग रुंदीकरणासाठी २०१७ च्या आरंभी बंद झाला. अकोला–अकोट गाडी ब्रॉडगेजवरून पुन्हा धावू लागली ती २०२२ च्या अखेरीस. जवळजवळ सहा वर्षे स्थानकावर गाडी नसणे म्हणजे स्थानकाच्या आश्रयाने चालणाऱ्या चहावाल्यास ग्राहकच नसणे होय. अशा दुकानांना पाटी नसते, मग स्थापनेचे वर्ष कोठून असणार? ‘मीटरगेज होती तेव्हा’ हीच त्यांची कालगणना. मुलाखत घेणाऱ्याने सन विचारण्यापेक्षा असे खुणेचे प्रसंग विचारले, तर काळ अधिक नेमका ठरतो.

४. उंबरठ्याबाहेरची आठवण

बसण्याचा हक्क हा आठवणीचा गाभा असेल, तर हा हक्क ज्यांना नव्हता त्यांची आठवण कोठे आहे, हा प्रश्न अटळ आहे. रेल्वे स्थानकांवर पूर्वी ‘हिंदू’ व ‘मुसलमान’ असे पाणी व चहा वेगळा असे. खेड्यापाड्यांतील हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्यांसाठी निराळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, आणि ती त्यांनाच धुऊन ठेवावी लागे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशाचा जो स्पष्ट उल्लेख आहे, त्याचे कारण हेच. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : प्रवेश नाकारणे तर गुन्हा ठरलेच, पण उपाहारगृहातील सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरला. कायद्याला कपापर्यंत उतरावे लागले, यावरून प्रथेची खोली समजते. कायदा होताच प्रथा थांबली असेही नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात चहाच्या दुकानातील वेगळ्या कपबशीचा आणि त्याविरुद्ध केलेल्या तक्रारीचा प्रसंग आला आहे.

वऱ्हाडच्या भूमीत या प्रथेविरुद्ध पंक्तीनेच उत्तर देण्याची परंपरा आहे. अमरावतीस पंजाबराव देशमुखांनी काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींचे विद्यार्थी एकत्र राहत व जेवत. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेमहाराजांनी पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. ही उदाहरणे उपाहारगृहांची नसली तरी प्रश्न तोच आहे : कोणी कोणाशेजारी बसून खावे?

या दृष्टीने पाहता, एकाच हॉटेलच्या दोन आठवणी संभवतात. आत बसलेला म्हणतो, ‘तेथे सगळे येत असत.’ बाहेर उभा असलेला म्हणतो, ‘आम्हीही जात असू; चहा बाहेर मिळे.’ दोघेही खरे बोलत असतात. पहिल्याच्या ‘सगळे’ या शब्दात दुसरा नाही, कारण तो त्याच्या मेजावरून दिसत नव्हता. स्त्रियांविषयीही असेच म्हणावे लागते. पुरुषांच्या आठवणींत त्यांचा अभाव नोंदला जात नाही. बाजारास आलेली बाई बरोबरची भाकर झाडाखाली सोडून खात असे, हे तिलाच विचारावे लागते.

५. समारोप

तेव्हा बंद उपाहारगृहांविषयीच्या आठवणी टाकाऊ नाहीत; फक्त त्यांना योग्य प्रश्न विचारले पाहिजेत. ‘चव कशी होती’ या प्रश्नास बहुधा ठरीव उत्तर येते. ‘तुम्ही कोठे बसत होता, कप कोण धुवीत असे, पैसे हातात घेतले जात की फळीवर ठेवण्यास सांगत, तुमच्या घरातील कोण तेथे कधीच गेले नाही’ या प्रश्नांना मिळणारी उत्तरे इतिहासाच्या कामी येतात. ही साक्ष घेण्यास अवधी थोडा आहे. १९५५ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. आत बसून चहा प्यालेल्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आहेत आणि पुढेही सांगतील. बाहेर उभ्याने प्यालेल्यांकडे मात्र अभ्यासकासच चालत जावे लागेल.