विश्लेषण : भारतातला ‘फर्स्ट क्लास’ जर्मनीत ‘समाधानकारक’ कसा होतो?

अभियांत्रिकीची पदवी ६८ टक्क्यांनी मिळवलेला विद्यार्थी आपल्याकडे प्रथम वर्गात उत्तीर्ण असतो. तोच विद्यार्थी जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करतो तेव्हा त्याचे गुण २.६ होतात. ज्या अभ्यासक्रमाची किमान अट २.५ आहे, तिथे त्याचा अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो. हेच ६८ टक्के एखाद्या अमेरिकी मूल्यमापन संस्थेकडे सरळ ‘ए’ श्रेणीत बसू शकतात आणि ब्रिटनमध्ये बहुधा दुसऱ्या वर्गाच्या वरच्या गटात जातात. गुणपत्रिका एकच, पण उत्तरे तीन. असे का होते आणि त्यातले विद्यार्थ्याच्या हातात किती असते?

टक्के सगळीकडे सारखे का नसतात?

शंभरपैकी साठ हा आकडा सगळीकडे एकच दिसतो, पण त्याचे वजन देशागणिक बदलते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. त्यामुळे प्रथम, द्वितीय, तृतीय वर्ग ही वाटणी आणि उत्तीर्ण होण्याची ३५-४० गुणांच्या आसपासची मर्यादा आपल्याकडे रुजली. या परंपरेत प्रश्नपत्रिका कठीण आणि तपासणी हात राखून होते. ब्रिटनमध्ये आजही ७० टक्क्यांना ‘फर्स्ट’ मिळतो आणि ४० टक्क्यांना उत्तीर्ण होता येते. अमेरिकेत मात्र प्रचलित पद्धतीत ९० च्या वर ‘ए’ असतो आणि साठीतले गुण ‘डी’मध्ये जातात.

इतर देशांत आकडेही वेगळे. फ्रान्समध्ये वीसपैकी गुण देतात, दहाला उत्तीर्ण होता येते आणि सोळाच्या वर सर्वोत्तम शेरा मिळतो. विसापैकी वीस जवळजवळ कुणालाच मिळत नाहीत. इटलीत एका विषयाला ३० पैकी किमान १८ लागतात. नेदरलँड्समध्ये दहापैकी साडेपाचला उत्तीर्ण करतात, पण नऊ आणि दहा विरळाच दिसतात. रशियात पाच हा सर्वोत्तम गुण, तर जर्मनीत एक सर्वोत्तम आणि पाच म्हणजे नापास.

जर्मनीचे सूत्र काय आहे?

जर्मनीत १.० ते १.५ म्हणजे ‘अतिउत्तम’, १.६ ते २.५ ‘चांगला’, २.६ ते ३.५ ‘समाधानकारक’ आणि ३.६ ते ४.० ‘पुरेसा’. परदेशी गुण या पट्टीवर आणण्यासाठी जर्मनीत ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या स्थायी परिषदेने ते मान्य केलेले आहे. अनेक विद्यापीठांच्या वतीने परदेशी अर्ज तपासणारी ‘युनि-असिस्ट’ ही संस्थाही त्याचाच आधार घेते.

सूत्राला तीन आकडे लागतात : त्या पद्धतीत मिळू शकणारे सर्वाधिक गुण, उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण आणि विद्यार्थ्याला मिळालेले गुण. सर्वाधिक गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे. या वजाबाकीला सर्वाधिक आणि किमान गुणांतल्या फरकाने भागायचे. आलेल्या उत्तराला तीनने गुणून त्यात एक मिळवायचा.

वरच्या उदाहरणात सर्वाधिक १००, किमान ४०, मिळालेले ६८. शंभरातून ६८ गेले, ३२ उरले. ३२ भागिले ६० गुणिले ३ म्हणजे १.६. त्यात एक मिळवला की २.६. याच हिशेबाने ७० टक्क्यांचे २.५ होतात आणि ६० टक्क्यांचे ३.०. म्हणजे जिथून आपला फर्स्ट क्लास सुरू होतो, तिथे जर्मन शेरा ‘समाधानकारक’ आहे.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. किमान गुणांपासून सर्वाधिक गुणांपर्यंतची प्रत्येक पायरी सारख्याच उंचीची आहे आणि शेवटच्या पायरीवर पोहोचणारे विद्यार्थी दोन्ही देशांत असतात, असे सूत्र मानते. जर्मनीत १.० खरोखर मिळतो. भारतात पदवीला सरासरी १०० टक्के कुणाला मिळत नाहीत, आणि भाषा-साहित्यासारख्या विषयांत ७० गाठणेही कठीण असते. पट्टीचा जो वरचा भाग प्रत्यक्षात रिकामाच असतो, त्याचाही भार विद्यार्थ्यावर पडतो.

किमान गुणांमुळे एवढा फरक का पडतो?

सूत्रातला सर्वाधिक गुणांचा आकडा सहसा वादाचा नसतो. किमान गुणांचा मात्र असतो, कारण भारतात विद्यापीठ आणि अभ्यासक्रमानुसार उत्तीर्ण होण्यासाठी ३५, ४० किंवा ५० गुण लागतात. ६८ टक्क्यांवर याचा परिणाम पाहा. किमान ३५ धरले तर उत्तर २.४८ येते आणि २.५ ची अट पूर्ण होते. किमान ४० धरले तर २.६. किमान ५० धरले तर थेट २.९२.

यात तर्क आहे. उत्तीर्ण होण्याची मर्यादा जितकी खाली, तितके ६८ टक्के त्या मर्यादेपासून वर दिसतात. पण त्यातून एक विचित्र गोष्टही घडते. ज्या विद्यापीठाने ५० गुणांची कडक मर्यादा ठेवली, त्याचा विद्यार्थी परदेशात मागे पडतो. शिवाय विषयात उत्तीर्ण होण्याचे गुण वेगळे आणि एकूण सरासरीची अट वेगळी असेल, तर त्यातला कोणता आकडा धरायचा, असा प्रश्न तपासणाऱ्यापुढे उभा राहतो. गुणपत्रिकेवर किंवा ट्रान्स्क्रिप्टवर हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो आपल्याकडच्या माहितीनुसार आकडा निवडतो. त्याचा फटका कुणाला बसला, हे विद्यार्थ्याला बहुतेक वेळा कळतही नाही.

टक्क्यांऐवजी सीजीपीए असेल तर?

मग गुंता वाढतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सुचवलेल्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८ अशी उतरती भाजणी आहे आणि ‘पी’ म्हणजे उत्तीर्णला ४ गुण आहेत. ८.० सीजीपीए असलेल्या विद्यार्थ्याचे गुण थेट सूत्रात घातले, तर सर्वाधिक १० आणि किमान ४ धरून २.० हे नेटके उत्तर मिळते.

पण विद्यार्थी आधी त्याचे टक्के करतो आणि तिथे वाटा फुटतात. दहाने गुणले तर ८० टक्के. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कोष्टकात ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६० टक्के अशी सांगड आहे. म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचे. या वाटेने ८.० चे ७२.५ टक्के होतात. अनेक जण सवयीने साडेनऊने गुणतात आणि ७६ टक्के काढतात. हा साडेनऊचा गुणक सीबीएसईने दहावीच्या निकालासाठी ठरवला होता, विद्यापीठाच्या पदवीशी त्याचा संबंध नाही.

आता किमान ४० धरून हे तीन आकडे जर्मन सूत्रात घाला : ८० चे २.०, ७६ चे २.२ आणि ७२.५ चे जवळपास २.४. विद्यार्थी तोच, सीजीपीए तोच. मधल्या एका अनावश्यक रूपांतराने त्याचे स्थान बदलले. अनेक विद्यापीठांची सीजीपीएचे टक्के करण्याची स्वतःची सूत्रे आहेत, आणि टक्के मागितले गेले तर त्या विद्यापीठाचे अधिकृत सूत्रच ग्राह्य धरायला हवे.

अमेरिका आणि ब्रिटन काय करतात?

अमेरिकेत चारपैकी ‘जीपीए’ असतो. ६८ टक्क्यांना २५ ने भागून २.७२ जीपीए काढणे, ही सर्रास होणारी चूक. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना किमान ३.० लागतो, त्यामुळे हा आकडा पाहून कित्येक जण अर्जच करत नाहीत. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या मूल्यमापन संस्था असा भागाकार करत नाहीत. त्या प्रत्येक विषयाचे गुण त्या देशाच्या कोष्टकात पाहून त्याला अमेरिकी अक्षरश्रेणी देतात आणि मग क्रेडिटनुसार सरासरी काढतात.

याचा परिणाम उदाहरणाने कळेल. समजा एखाद्या कोष्टकात ६० च्या वर ‘ए’ म्हणजे ४ आणि ५० ते ५९ ला ‘बी’ म्हणजे ३ आहेत. एका विद्यार्थ्याला तीन विषयांत ६०, ६०, ६० गुण आहेत, दुसऱ्याला ७५, ५५, ५०. दोघांची सरासरी ६० च आहे. पण पहिल्याचा जीपीए ४.० येतो आणि दुसऱ्याचा ३.३३. कोष्टकाच्या पद्धतीत सातत्याला बक्षीस मिळते आणि उंबरठ्याच्या एक गुण खाली राहिलेल्याला दंड बसतो.

ब्रिटिश विद्यापीठे बहुधा आकडा काढायच्या भानगडीत पडत नाहीत. आपल्या कोणत्या वर्गासाठी भारतातले किती टक्के लागतील, हे ती देशवार यादीत जाहीर करतात. काही विद्यापीठांच्या यादीत भारतीय संस्थांचेही गट असतात. एका गटातल्या संस्थेचे ६० टक्के चालतात, तर दुसऱ्या गटाकडून त्याहून जास्त मागितले जातात. गुण कुठे मिळाले, याला इथे उघडपणे किंमत आहे.

युरोपने कोणता मार्ग काढला?

युरोपात विद्यार्थी एखादे सत्र दुसऱ्या देशात शिकतात, तेव्हा रोजच्या रोज गुण बदलून घ्यावे लागतात. त्यासाठी आधी ‘ईसीटीएस’ श्रेणी आणली गेली. उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी वरच्या १० टक्क्यांना ‘ए’, पुढच्या २५ टक्क्यांना ‘बी’, मग ३०, २५ आणि १० टक्के अशी ती वाटणी होती. ती सगळीकडे राबवणे जमले नाही. २००९ पासून वेगळी पद्धत सुचवली गेली : प्रत्येक विद्यापीठाने कोणता गुण किती टक्के विद्यार्थ्यांना दिला जातो, एवढे कोष्टक जाहीर करावे. मग दोन विद्यापीठांची कोष्टके शेजारी ठेवून विद्यार्थ्याचे स्थान जुळवायचे. एखाद्याचा गुण वरच्या २० टक्क्यांत मोडत असेल, तर दुसऱ्या देशात वरच्या २० टक्क्यांना जो गुण मिळतो तो त्याला द्यायचा.

डेन्मार्कने तर पट्टीच बदलली. तिथल्या जुन्या पद्धतीत १३ हा गुण केवळ असामान्य कामगिरीसाठी राखून ठेवला होता आणि तो परदेशात समजावणे अवघड जात होते. २००७ पासून विद्यापीठांत उणे ३ ते १२ अशी सात पायऱ्यांची पट्टी आली आणि ती ईसीटीएसशी जुळवून घेतलेली होती.

स्थानावर आधारलेली ही पद्धत सूत्रापेक्षा न्याय्य आहे, कारण ती तपासणी कडक की सैल हे लक्षात घेते. एकाच देशातही हा फरक मोठा असतो. जर्मनीत कायद्याच्या परीक्षेला अठरापैकी गुण देतात आणि त्यात नऊ मिळाले तरी ते मानाचे समजले जातात. नऊ म्हणजे निम्मे गुण. अशा ठिकाणी सरळ रेषेचे सूत्र काहीच सांगू शकत नाही. मात्र या पद्धतीतही दोन्हीकडचे विद्यार्थी साधारण सारख्या तयारीचे आहेत, असे मानावे लागते. आणि गुणांच्या वाटणीची आकडेवारी विद्यापीठाने दिली तरच ती चालते. भारतीय ट्रान्स्क्रिप्टवर ती क्वचितच असते.

परत येताना काय होते?

परदेशी पदवी भारतातल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, हे पूर्वी प्रामुख्याने भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) ठरवत असे. यूजीसीने २०२५ मध्ये त्यासाठी नियमावली आणली. पण पदवीची सममूल्यता आणि गुणांचे रूपांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. जर्मन सूत्र किमान ४० धरून उलटे चालवले, तर ३.३ चे ५४ टक्के होतात. म्हणजे जर्मनीत ‘समाधानकारक’ शेऱ्याने पदवी मिळवलेला उमेदवार केवळ हिशेबाच्या पद्धतीमुळे एका टक्क्याने अडकू शकतो.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

अर्जात गुण मूळ पद्धतीतच भरावेत. अनेक परदेशी विद्यापीठे तसे स्पष्ट सांगतात, आणि स्वतः केलेले रूपांतर चुकले तर माहिती चुकीची दिल्याचा संशय येतो.

ट्रान्स्क्रिप्टवर श्रेणीपद्धतीचा खुलासा आहे का, हे अर्जाच्या कितीतरी आधी पाहावे. सर्वाधिक गुण, उत्तीर्ण होण्याचे किमान गुण आणि कोणत्या श्रेणीला किती गुण, या तीन गोष्टी त्यावर हव्यात. नसतील तर परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे. सीजीपीएचे टक्के करायचे असतील, तर विद्यापीठाचे रूपांतर प्रमाणपत्र घ्यावे. वर्गात क्रमांक वरचा असेल तर त्याचाही दाखला मागावा. साठ जणांत तिसरा, ही माहिती कोणत्याही देशात रूपांतराशिवाय समजते.

संकेतस्थळांवरची गणकयंत्रे अंदाजापुरती ठीक आहेत. मात्र त्यात किमान गुणांचा रकाना आपण भरायचा असतो, आणि २.४८ की २.६ हे त्या रकान्यावर ठरते. ज्या विद्यापीठात अर्ज करायचा आहे, ते भारतीय पदवीसाठी तिथे कोणता आकडा धरते, हे त्यांच्या प्रवेश कार्यालयाला विचारता येते. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी तेवढा एक ईमेल पाठवणे फायद्याचे ठरते.